ताईचा डेमो आणि कोपऱ्यातली बाई

आमच्या घरातला कम्प्युटर पहिल्यांदा बोलला तेव्हा शिव्या मला बसल्या.

मी मागच्या पडवीत दोरीवरचे कपडे काढत होते. पुढच्या खोलीतून एका बाईचा आवाज आला, "अभिनंदन. आपण आजचे भाग्यवान विजेता आहात." गोड आवाज, जरा नाकातून, मराठी पण हिंदीच्या चालीवर चाललेलं. आई आत तांदळाची भाकरी थापत होती. तिथूनच तिनं सांगितलं, "बास कर गो तुझी थेरं."

"आई, मी मागं हाय."

"मंग मागनं बास कर."

यात आईचा दोष नाय. मी नकला करते, शाळेपासून. मुरबाड डेपोत गाड्या पुकारणारा माणूस, कॉलेजातल्या मॅडम, फोन लागला नाय की बोलते ती बाई, सगळे येतात मला. एकदा शेजारच्या काकूंच्या आवाजात मी काकांना शेतावरून जेवायला बोलावलं. ते बिचारे हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले, आणि काकूंनी अजून तांदूळ पण धुतले नव्हते. तेव्हापासून आमच्या आळीत कुठूनही परका आवाज आला की आधी माझ्याकडे बघायचं, अशी पद्धतच पडलीय.

त्यामुळं ती कम्प्युटरमधली बाई रोज कायकाय बोलायची आणि मी रोज तिच्या नावानं ऐकून घ्यायची. "तुझ्या संगणकाला धोका आहे," बाई म्हणायची. "तुला धोका हाय आता," आई म्हणायची. शेवटी एकदा आमी सगळी जेवायला बसलो होतो, माझ्या तोंडात घास होता, आणि पुढच्या खोलीतून बाई बोलली. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तोंड उघडून घास दाखवला. आईनं मंग खोलीकडे बघितलं.

"मंग ही कोण?"

बाबा खाली मान घालून सुक्या बोंबलाचे काटे काढत होते. ताई उठून बघायला गेली. मी पण गेले. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली डब्यासारख्या चौकटी एकावर एक उभ्या होत्या. एकीत पत्ते, एकीत लाल रंगात ओरडणारा धोका, एकीत बारीक होण्याचा चहा. आणि एकीत एक बाई, अंगात कपडे बेताचेच, खाली लिहिलेलं की ती आपल्या जवळच राहते आणि तिला बोलायचंय. आमच्या जवळ कोण राहतं ते मला माहितीय. पलीकडे काकू, अलीकडे गोठा.

आता हे तेव्हाच मनावर घ्यायला पायजे होतं. पण जाहिराती कुठं नसतात, म्हणून आमी सोडून दिलं. आणि मंग ताईचा डेमो आला.

कम्प्युटर तसा ताईसाठीच घेतलेला, जुना, कुणीतरी वापरलेला. ताईनं डी.एड. केलंय. भरती निघंल निघंल म्हणून तिनं इतकी वाट बघितली की मामानं शेवटी मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला तिचं बोलून ठेवलं. पहिल्या तारखेपासून यायचं, उभ्यानं काम, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. ताई नाय म्हणाली नव्हती, हो पण म्हणाली नव्हती. कारण मधल्या काळात तिला फोनवर एक जागा सापडली होती. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या पोरांना घरबसल्या मराठी शिकवायचं. क्लास चालवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. त्यांना ताईचं बोलणं आवडलं आणि त्यांनी सांगितलं, एका मुलीला शिकवून दाखवा, मी पण बघायला बसते.

ताईनं त्याच्यासाठी चित्रं काढून, स्कॅन करून, धडे बनवले होते. बैल, फणस, घागर, सगळं. तिला मी इतकी खूश डी.एड.च्या निकालाला पण बघितली नव्हती.

रविवारी संध्याकाळी डेमो सुरू झाला. मुलीकडे तेव्हा सकाळ होती, ती दूध पीत बसलेली, बाजूला तिची आई. ताईनं आपला पडदा तिकडं दिसायला लावला, फणसाचं चित्र उघडलं आणि गोड आवाजात विचारलं, "हे काय आहे बरं?"

कोपऱ्यात टुणकन जवळ राहणारी बाई आली.

मुलगी म्हणाली, "ही आंटी कोण?"

ताईनं माऊस धरला, सुटला, परत धरला. म्हणाली, "ही... ही आंटी शेजारी राहते."

मी दारात उभी होते. मला हसू येत होतं आणि रडू पण येत होतं. तेवढ्यात कम्प्युटरातनं आवाज पण आला, अभिनंदन, आपण विजेता आहात. मुलीच्या आईनं तिकडनं कॅमेरा बंद केला.

मॅडमचा नंतर फोन आला. बाई चांगल्या. म्हणाल्या, "शिकवणं छान आहे हो तुमचं. पण मुलांसमोर असलं काही आलेलं चालणार नाही. पुढच्या रविवारी परत घेऊ. मग मात्र मला निर्णय घ्यावा लागेल." ताईनं हो हो म्हणून फोन ठेवला आणि खुर्चीवर तशीच बसली. मंग माझ्याकडे वळली.

"तू कम्प्युटरचा कोर्स केलास ना गो मुरबाडला?"

"हो पण त्यात..."

"मंग काढ ही बाई. रविवारच्या आत."

कोर्समध्ये आमाला रंगीत अक्षरात वाढदिवसाचं कार्ड करायला शिकवलं होतं. पण ताईचं तोंड बघून मी ते बोलले नाय.

कॉलेजला जाताना यष्टीत बसून मी फोनवर वाचत गेले. पहिलं कळलं ते असं की कोपऱ्यातल्या चौकटी सगळ्या आपोआप येत नायत. एखाद्या साइटवर गेलं की ती विचारते, तुला निरोप पाठवू का? कुणी अलाऊ दाबलं की ती सुटली. मंग तू तिच्याकडे जा नाय तर नको जाऊ, ती तुझ्याकडे येत राहते. घरी येऊन ब्राउजरच्या सेटिंगमध्ये गेले आणि ही परवानगी कुणाकुणाला दिलीय ते उघडलं. यादी खाली जाते, जाते, जातेच. नावं पण कसली, कुणीतरी कीबोर्डावर कोंबडी सोडल्यासारखी. एकेकीला ब्लॉक केलं. बोट दुखलं. पण कोपरा साफ झाला. ताईला बोलावून दाखवलं, मॅडमच्या आवाजात म्हटलं, "छान हो तुमची स्क्रीन." ताईनं पाठीत धपाटा घातला, पण हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यात परत जत्रा.

मी कपाळाला हात लावला. परत सगळ्यांना ब्लॉक केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी परत. आणि आता नवीन प्रकार. काही शोधायला गेलं की आपलं नेहमीचं पान न येता एक जांभळं पान यायचं, आणि फणस टाइप केलं की आधी फणसाचे चिप्स विकायचे, मंग कर्ज, मंग कुठंतरी तळाला फणस.

"जमंल ना तुला?" ताईनं विचारलं.

"जमतंय गो."

"रोज तेच म्हणतेस."

मैत्रीण म्हणाली, शहापूरला एक दुकान हाय, तो सगळं करतो. म्हणून मी कॉलेज बुडवून कम्प्युटरचा डबा घेऊन शहापूरला गेले. आमच्या टोकावड्याकडनं मुरबाड, मुरबाडवरनं शहापूर. धक्के लागू नयेत म्हणून आईनं डबा जुन्या गोधडीत गुंडाळून दिला होता, तो मांडीवर. शेजारच्या मावशी बराच वेळ गोधडीकडे बघत होत्या.

"झोपलंय वाटतं," हळूच म्हणाल्या.

"हो. आताच झोपलंय."

"कितवा लागलाय?"

"आठवा चालू हाय. पण लई रडतं ओ. आणि कायबी बोलतं."

"दृष्ट काढ," मावशी म्हणाल्या, आणि सरकून मला जास्त जागा करून दिली. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, पण जागा घेतली.

शहापूरच्या दुकानातल्या भाऊंनी फोनमधनं मान वर काढली नाय. मी सगळं सांगितलं, चौकटी, जांभळं पान, डेमो, फणस. ते म्हणाले, "फॉरमॅट."

"भाऊ, आधी लावून बघा तरी."

"बघून काय? फॉरमॅट."

"त्यात ताईचे धडे हायेत."

"धडे पेनड्राइव्हवर घेऊ. फॉरमॅट."

"रविवारच्या आत मिळंल?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "सोमवारी या."

मी डबा परत गोधडीत गुंडाळला. येताना रस्ताभर माझ्या तोंडात त्यांचाच आवाज बसला होता. घरी आई म्हणाली, "जेवायला काय करू?" मी म्हटलं, "फॉरमॅट." आई म्हणाली, "उपाशी झोप मंग."

जिद्दीला पेटून मी मुळापासून सुरू केलं. कम्प्युटरात काय काय बसवलंय त्याची यादी उघडली आणि तारखेप्रमाणे लावली, सगळ्यात नवीन वर. आमी कुणी न बसवलेली चार नावं वर बसलेली. एक हवामान सांगणारं, एक स्वस्त खरेदी दाखवणारं, एक फाइली जोडणारं, आणि एक कम्प्युटर स्वच्छ करणारं. या स्वच्छ करणाऱ्याचा मला सगळ्यात जास्त राग. तोच घाण करतो आणि तोच लाल पडदा लावून ओरडतो की बघा किती घाण. त्याला काढायला गेलं तर सुटता सुटंना. आधी विचारलं, खरंच जायचं? मंग एक रडणारा चेहरा दाखवला. मंग मोठ्या हिरव्या बटणावर लिहिलेलं, संरक्षण चालू ठेवा, आणि खाली बारीक राखाडी अक्षरात, दिसू नये अशा बेतानं, तरीही काढा. लग्नातनं निघताना नवरीकडची म्हातारी माणसं करतात ना, एवढ्यात कुठं, चहा तरी घ्या, एक पंगत तरी थांबा. तसं. मी कुणाचा चहा घेतला नाय. चौघांना काढलं. ब्राउजरला चिकटलेली दोन एक्स्टेंशनं काढली, जांभळं पान उडवून आपलं जुनं लावलं. कम्प्युटरात स्वतःचा म्हणून जो व्हायरस तपासणारा असतो त्याला सगळीकडे हिंडायला सोडलं. तो भात शिजून, जेवण होऊन, भांडी घासून झाली तरी हिंडतच होता. त्यानं अजून दोन-तीन गोष्टी पकडल्या. बंद करून चालू केला. कोपरा साफ. पान आपलं. बाई गप्प.

ताईनं दुसऱ्या दिवशी सकाळी धडा उघडून सगळी चित्रं फिरवून बघितली. "झालं गो खरंच," म्हणाली. तिचा आवाजच वेगळा होता. मी कॉलेजला गेले ती उड्या मारत.

परत आले तर पुढच्या खोलीतून आवाज. अभिनंदन.

मी चपला पण काढल्या नायत. खिडकीतून आत बघितलं. कम्प्युटरसमोर बाबा बसले होते. त्यांची सुट्टी होती त्या दिवशी. चष्मा नाकाच्या टोकावर, एका बोटानं माऊस दाबत होते. कोपऱ्यात एक चौकट आली, त्यांनी ओके दाबलं. दुसरी आली, अलाऊ दाबलं. तिसरी आली, नेक्स्ट. घाई नाय, राग नाय. पुढून मागं एकेकाला.

इथं बाबांचं सांगायला लागंल. बाबा यष्टीत कंडक्टर हायेत. मुरबाड ते माळशेजकडच्या गाड्यांवरच त्यांची आतापर्यंतची सगळी नोकरी झाली. गाडी कितीपण भरलेली असू दे, बाबा दारातनं सुरुवात करणार आणि शेवटच्या सीटपर्यंत जाणार, मधल्या एकाला पण न सोडता. समोर जो उभा हाय त्याचं काम केल्याशिवाय पुढच्याकडे बघायचं नाय. घरात पण तसंच. दारावर विकायला आलेला असो, नाय तर रस्ता चुकलेला, बाबा त्याला काहीतरी दिल्याशिवाय हलत नायत. माणूस आपल्यासमोर ताटकळत उभा राहिला तर त्यांना स्वतःलाच कसंतरी होतं.

"बाबा," मी खिडकीतूनच म्हटलं, "काय करताय?"

"काय नाय. एवढे उभे राहिले होते, त्यांना काढतोय."

"काढताय कुठं, घेताय. ओके कशाला म्हणता सगळ्यांना?"

"मंग काय म्हणू? ते विचारतायत."

"फुली मारा ना."

"फुली मारली तर बंद पडतं सगळं. मागं एकदा पडलं होतं." बाबांनी चष्मा वर केला. "आणि ओके म्हटलं की जातात ना बिचारे. लगेच जातात."

"जातात आणि भावकी घेऊन येतात."

मी आत जाऊन डोकं धरून बसले. मंग एकेक बाहेर पडायला लागलं. आळीतली माणसं सातबारा काढायला बाबांकडे येतात. कुणाची तीन पानं, कुणाची पाच. एकाला ती सगळी एका फाइलीत जोडून पायजे होती. बाबांनी शोधलं. फुकट जोडून देतो म्हणणाऱ्या पानावर मोठं हिरवं बटण होतं. ते दाबलं. मंग ते विचारत गेलं, हे पण घ्या, ते पण घ्या, आणि बाबा हो हो म्हणत गेले. मी काल फाइली जोडणारं काढलं होतं म्हणून त्यांनी आज ते परत घेतलं. त्याच्यासोबत बाकीचे पण परत आले.

"काल तू काढलंस होय ते?" बाबा म्हणाले. "मी म्हटलं गेलं कुठं."

ताई आतून आली. तिनं कोपऱ्याकडे बघितलं, मंग बाबांकडे. दोरीवरचा टॉवेल काढला आणि परत आत गेली. ते बाबांना लागलं. त्यांनी माऊस सोडून हात मांडीवर घेतला.

"मामाला तिनं अजून कळवलं नाय ना गो?"

"रविवारी कळवणार हाय. डेमो झाल्यावर."

मला तेव्हा खरंतर ओरडायचं होतं. तीन दिवस मी भांडी घासल्यासारखी हा कम्प्युटर घासत होते. पण बाबांवर ओरडता येत नाय, ते ऐकून घेतात फक्त. म्हणून मी वेगळं केलं. मी त्यांच्या गाडीवर येणाऱ्या तिकीट चेकरचा आवाज काढला. तो आवाज त्यांना झोपेत पण ओळखू येतो.

"काय ओ कंडक्टर, हे चौघं कुठं चढले?"

बाबा सावरून बसले. मंग लक्षात आलं. "गप गो."

"नाय, सांगा ना. ही हवामानवाली कुठं चढली? हा खरेदीवाला कुठं चढला?"

"मला काय माहीत."

"तुमच्या गाडीत बसलेत आणि तुमाला माहीत नाय? हे बघा." मी यादी उघडून तारखा दाखवल्या. "ही नावं. ही चढल्याची तारीख. यांच्याकडे तिकीट नाय. तुमी फक्त विचारायचं, तू कुठं चढलास. सांगता आलं नाय तर उतरवायचं. ओके म्हणणं म्हणजे फुकट तिकीट फाडून देणं."

बाबा पडद्याच्या जवळ सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला अजून आठवतंय. गाडीत कुणी तोंड लपवून मागच्या सीटला बसलेला सापडला की होतं तसं.

"फुकट्ये व्हय रे," ते म्हणाले. "मी आपला पाहुणे समजून."

मंग त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः बसले. एकेक नाव मोठ्यानं वाचायचे. "हा कुठं चढला?" मी सांगायची, हा प्रिंटरचा, राहू दे. "बरं. हा?" हा माहीत नाय. "उतर खाली." हिरव्या बटणाकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाय, बारीक राखाडी अक्षरं त्यांना माझ्याआधी दिसली. रडणारा चेहरा आला तेव्हा म्हणाले, "रडून काय करतोस, आधी विचार करायचा." कम्प्युटर चालू होताना कोण कोण आपोआप उठून बसतं त्याची पण एक यादी असते, तिथं अजून एक लपून बसलेला सापडला. माझ्या हातनं राहिला होता तो. फाइली जोडायला मी त्यांना एक धड साधन लावून दिलं, बाकी काय न विचारणारं. संध्याकाळी कोपरा साफ. शुक्रवारी साफ. शनिवारी पण साफ. बाबा डेपोतनं आले की आधी कम्प्युटरवर एक चक्कर मारायचे, मंग चहा.

मला वाटलं, सुटले.

रविवारी संध्याकाळी ताई वेणी घालून, साडी नेसून बसली. मुलगी आणि मॅडम यायला थोडा वेळ होता. तिनं क्लासचं पान उघडलं आणि तिच्या चौकटीत सगळा अंधार. कॅमेरा बंद. "एक दोन तीन," ताई बोलली. आवाज पण जात नव्हता.

"तू काय केलंस?" ताई मला म्हणाली.

"मी हात पण लावला नाय."

दोघींनी एकदम बाबांकडे बघितलं. बाबा दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, जसा काय त्यांचाच डेमो हाय.

"सकाळी मी क्लासचं पान उघडून बघितलं," ते म्हणाले. "तुमची तयारी नीट हाय का म्हणून. त्यानं लगेच विचारलं, कॅमेरा वापरू का, माइक वापरू का. मी म्हटलं, चल हट. ब्लॉक."

ताईनं डोळे मिटले.

"बाबा," मी म्हटलं, "यांच्याकडे पास हाय."

"पास हाय तर दाखवायला नको का त्यानं?"

भांडायला वेळ नव्हता. वर पत्त्याच्या बाजूला एक छोटी खूण असते, तिच्यावर दाबलं की या पानाला काय दिलंय, काय नाय ते दिसतं. कॅमेऱ्याचं अलाऊ केलं, माइकचं अलाऊ केलं, पान परत उघडलं. ताईचा चेहरा पडद्यावर आला, घाबरलेला. तिकडनं मॅडम म्हणाल्या, "हां, दिसताय." मुलगी पण आली, हातात तेच दूध.

मी बाबांना बाहेर ढकललं आणि दार लोटून तिथंच उभी राहिले. ताईनं फणस उघडला. "हे काय आहे बरं?" कोपऱ्यात कुणी आलं नाय. मुलगी दूध पीत बघत बसली, बोलंना. ताईनं घागर दाखवली, बैल दाखवला. मुलगी मान हलवायची. गेल्या वेळी आंटीबद्दल तरी विचारलं होतं तिनं, आज तेवढं पण नाय. ताई हसत होती, पण तिचा हात पदराचं टोक गुंडाळत होता. मॅडम कायतरी लिहीत होत्या.

आणि बाहेर रविवार म्हणून सातबारावाले आले. दोघं-तिघं असतील. बाबा त्यांना हळू आवाजात समजावत होते की आज नाय, आत वर्ग चाललाय. पण कुणीतरी आत डोकावायला आला आणि दार ढकललं गेलं, आणि बाबांच्या तोंडातनं इतक्या वर्षांचा आवाज निघाला.

"ओ, मागं सरका. दारात उभं राहायचं नाय. मागं लई जागा हाय, सरका मागं."

तो आवाज भरलेल्या गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. परदेशात पोचायला त्याला काय अडचण. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

मुलीनं दुधाचा कप खाली ठेवला. "मागं सरका म्हणजे काय?"

ताईनं आपली खुर्ची धरली आणि सरकवली. "मागं सरका." पडद्यात ती लहान झाली. "पुढं सरका." मोठी झाली. मुलगी उठली, खुर्ची ओढली. "मागं सरका," ती म्हणाली, आणि इतकी मागं गेली की कपाटाला आपटली. खिदळत पुढं आली, नाक कॅमेऱ्याला लागेपर्यंत. मंग तिनं आईला मागं सरकवलं. मंग मॅडमना म्हणाली, "तुमी पण." मॅडम सरकल्या. पुढचा सगळा वेळ फणस मागं सरकला, बैल पुढं सरकला, घागर आत गेली, बाहेर आली. मुलगी बोलायची थांबंना.

मॅडमचा फोन अर्ध्या तासात आला. ताईनं स्पीकरवर टाकला. "पुढच्या आठवड्यापासून दोन बॅच देते तुम्हाला. आणि ते बाहेरून आवाज देत होते ते कोण?"

"माझे वडील."

"बरं बरं," मॅडम म्हणाल्या. "त्यांना सांगा, मुलगी अजून घरभर सगळ्यांना सरकवतेय."

ताईनं आधी मामाला फोन लावला आणि पॅकिंगला नाय म्हणून सांगितलं. मामा पलीकडनं कायतरी बराच वेळ बोलत होता, ती नुसती हसत होती. आईनं गूळ दिला सगळ्यांच्या हातावर, सातबारावाल्यांच्या पण.

आणि बाबा. बाबा त्या दिवसापासून ज्याला त्याला सांगतात की पोरीची नोकरी मी लावली. आठवडाभर मी कम्प्युटर घासला, शहापूरला गोधडी नेली, त्याचं कुठं नाव नाय. ताईचा वर्ग सुरू व्हायच्या वेळेला ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. मधेच दार जरासं उघडतं आणि फटीत चष्मा दिसतो.

"आज काय शिकवतेस गो?"

"रंग, बाबा."

"माझं काय लागंल का?"

"नाय बाबा."

"बघ हां. मी इथंच हाय."